सोंगट्यांचा हिशोब

मी डोंबिवली पूर्वेच्या मानपाड्यातून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून माझं रोजचं काम म्हणजे हजेरी, हप्ते, पासबुकं आणि अधूनमधून भांडणं मिटवणं. आज मात्र मी बैठ्या खेळांच्या खोक्यांबद्दल बोलणार आहे. हसू नका. या खोक्यांपायी आमचा एक गट मोडायला आला होता.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गटाच्या खोलीत खेळांचं कपाट सुरू केलं. घरोघरी माळ्यावर पडलेले खेळ मागून आणले. लुडो, सापशिडी, व्यापार, बुद्धिबळ असे एकूण ११. मुलांनी शनिवारी खेळ घरी न्यायचा आणि पुढच्या शनिवारी परत करायचा. पैसे काही नाहीत, फक्त वहीत नाव. मुंबईत चिल्ड्रेन टॉय फाउंडेशनने १९८२ पासून अशी खेळण्यांची वाचनालयं चालवली आहेत, तसंच आपलंही छोटंसं, अशी कल्पना होती. आमच्या भागात दहा बाय बाराच्या खोल्या पुष्कळ. दुपारी बाहेर ऊन, आत मोबाइल. मुलं खेळाकडे वळली तर बरं, असं सगळ्याच आयांना वाटत होतं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी कपाट उघडून पाहिलं, तर ११ पैकी ४ खेळ खेळण्याजोगे उरले होते. एका लुडोचा फासा नाही, दुसऱ्याच्या दोन हिरव्या सोंगट्या नाहीत. बुद्धिबळातला पांढरा उंट गायब. व्यापाराच्या नोटा तर अशा झाल्या होत्या की बँकेचंच दिवाळं वाजलं होतं. मग सुरू झालं, "तुझ्या पोराने हरवलं", "माझ्या पोरीकडे आलं तेव्हाच कमी होतं." दोघी बायका दोन बैठकांना एकमेकींशेजारी बसल्या नाहीत. कपाट बंद करा, असंही एकीने सुचवलं.

त्या दिवशी वहीत नोंद करताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. अकराच्या अकरा पट जागेवर होते. एकही बोर्ड हरवला नव्हता. खोकेही होते, कोपरे फाटलेले, पण होते. हरवलं होतं ते सगळं बोटाच्या पेरापेक्षा लहान. आणि ते हरवलं खेळताना नव्हे, आवरताना. आईने जेवायला हाक मारली की मुलं पट दुमडतात, सोंगट्या ओंजळीने खोक्यात टाकतात आणि झाकण दाबतात. खोका मोठा, सोंगट्या चिमुकल्या. खोका आडवा धरला की त्या कोपऱ्यात जमतात आणि तिथे फट असली की जिन्यातच सांडतात.

मग प्रश्न असा की खोका एवढा मोठा असतोच कशाला? लुडोच्या सोंगट्या १६ आणि फासा १. मुठीत मावतील. तरी खोका ताटाएवढा.

याचं उत्तर आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंनी दिलं. त्या साताऱ्याकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या. कपाटाचं भांडण ऐकून त्या घरून एक गाठोडं घेऊन आल्या. त्यांच्या माहेरचा कापडी सारीपाट. अधिक चिन्हासारखा चार हातांचा पट, प्रत्येक हातावर तीन ओळींत आठ-आठ म्हणजे २४ घरं, चारी हातांची मिळून ९६. चार रंगांच्या चार-चार अशा १६ सोंगट्या आणि कवड्या. आजींनी सोंगट्या आणि कवड्या पटाच्या मधल्या चौकात ठेवल्या, चारी हात एकेक करून त्यावर घडी घातले, वरून नाडी गुंडाळली. झालं! खोका नाहीच. पटच खोका. गाठोडं पोळीच्या डब्यात बसेल एवढं.

आजी म्हणाल्या, "आमच्यात आधी चार-चार मोजून चौकात ठेवायच्या, मगच घडी. चौक भरल्याशिवाय हात दुमडायचा नाही."

त्यांच्या या एका वाक्यात सगळं आलं, असं मला वाटतं. आवरणं आणि मोजणं ही दोन कामं त्यांनी वेगळी ठेवलीच नव्हती.

आता गंमत पाहा. आपला पचिशीचा पट परदेशात गेला आणि त्याचा पुठ्ठा झाला. अमेरिकेत पार्चिसी हे नाव १८७४ साली नोंदवलं गेलं, इंग्लंडमध्ये लुडोचं पेटंट झालं. पटाचं रूप तेच, चार हात आणि मधे घर. पण कापड आठ घड्या घालता येतं, पुठ्ठा एकदा नाही तर दोनदा. त्यापुढे तो मोडतो. म्हणून खोक्याचा आकार सोंगट्या ठरवत नाहीत. आत जी सगळ्यात मोठी आणि न दुमडणारी वस्तू असते ती ठरवते. पट एकदा दुमडला तर लांबट खोका लागतो, दोनदा दुमडला तर चौकोनी. युरोपातल्या अनेक खेळांचे खोके साधारण ३० सेंटीमीटर चौरस आणि ७ सेंटीमीटर उंच असतात, आत पट चौघडी घालून ठेवलेला. तिकडचे हौशी लोक खेळ ठेवायला आयकियाची ३३ सेंटीमीटर खणांची कपाटं घेतात, कारण हा खोका त्यात नेमका बसतो. आपल्याकडे मात्र कपाटात आधी तांदूळ, मग साड्या, मग कागदपत्रं. खेळाला जागा उरते ती माळ्यावर किंवा पलंगाखाली.

आणि एक कारण आहे दुकानाचं. फळीवर मोठा खोका दिसतो, चित्र मोठं छापता येतं, आणि आपल्यालाही भेट द्यायची तर मोठा खोका बरा वाटतो. आत प्लॅस्टिकचा खोलगट ट्रे घालून रिकामी जागा झाकलेली असते. हा ट्रे दुकानात शोभून दिसतो, घरी येऊन दोन महिन्यांत तडकतो.

दुमडताच न येणारा खेळ म्हणजे कॅरम. खेळायची जागा ७४ सेंटीमीटर चौरस, भोवती जाड लाकडी चौकट. त्याला खोका करत कोणी बसत नाही. दाराआड किंवा कपाटामागे उभा करायचा, हेच आपल्या घरोघरचं उत्तर. पण तो तिरका टेकवून महिनोन् महिने ठेवला तर प्लायला बाक येतो आणि मग सोंगटी आपोआप एका कोपऱ्याकडे घरंगळते. सरळ उभा ठेवा, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लावू नका आणि खाली दोन लाकडी पट्ट्या द्या. सोंगट्या ९ काळ्या, ९ पांढऱ्या आणि १ राणी. यांना बटवा शिवा. स्ट्रायकर त्याच बटव्यात टाकू नका, जड असतो, सोंगट्यांच्या कडा टवकतात.

खोका कसा असावा याचा सगळ्यात देखणा नमुना मी सावंतवाडीला पाहिला. आमचं गाव तळकोकणात, त्यामुळे जाता-येता एकदा राजवाड्यात गेले. तिथे कारागीर हाताने गंजिफा रंगवतात. ही कला जवळजवळ संपत आली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्यांकडून ती शिकून पुन्हा उभी केली. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत १० अवतारांचे १० रंग आणि प्रत्येक रंगाचे १२ पत्ते, म्हणजे १२०. कॅटच्या दुपटीहून जास्त पत्ते सांभाळायचे, तेही लाखेचा हात दिलेले, घासले तर रंग जाणारे. त्यासाठी लाकडी पेटी असते आणि तिचं झाकण सरकतं. उचलायचं झाकण पेटी उलटी झाली की निघतं, सरकतं झाकण खाचेत अडकलेलं राहतं. पेटी पत्त्यांच्याच मापाची, त्यामुळे आत पत्ते हलत नाहीत, घासत नाहीत. चार-पाच पत्ते कमी असले तर हलवल्यावर पेटीच वाजून सांगेल, असं मला ती हातात घेतल्यावर वाटलं. पेटीवरही चित्रं काढलेली, म्हणजे ती फेकून द्यायचा प्रश्नच नाही. आपण खोका फेकतो कारण तो फेकण्यासारखाच असतो.

परत आल्यावर आम्ही कपाटातले खेळ दुरुस्त करायला घेतले. काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला घरच्या घरी करता येईल.

पहिल्यांदा सोंगट्यांना खोक्यातून बाहेर काढलं. म्हणजे खोक्यात सुट्या ठेवायच्या नाहीत. प्रत्येक रंगाला वेगळा छोटा बटवा, ब्लाउजपीसच्या तुकड्यांचा. आधी आम्ही झिपच्या प्लॅस्टिक पिशव्या वापरून पाहिल्या. आतलं दिसतं हा मोठा फायदा, पण पावसाळ्यात बंद पिशवीत दमटपणा कोंडतो आणि पुठ्ठ्याच्या चकत्यांना बुरशी येते. टाचणीने चार भोकं पाडली तर चालतं. प्लॅस्टिकच्या सोंगट्यांना मात्र पिशवीच बरी.

मग एका ताईंनी मिसळणाच्या डब्याची कल्पना काढली. सात वाट्या, वर झाकण, सगळ्या सोंगट्या रंगवार. दिसायला छान. पहिल्याच शनिवारी मुलाने डबा दप्तरात उभा घातला आणि सगळ्या वाट्यांतलं सगळीकडे झालं. आपल्या स्वयंपाकघरातही जिरं मोहरीत जातं ते डबा तिरका झाल्यावरच ना? वाटीच्या काठाला झाकण टेकत नसेल तर कप्प्यांचा उपयोग डबा आडवा असेपर्यंतच. आम्ही झाकणाच्या आत जुन्या योगा मॅटचा गोल कापून चिकटवला. आता झाकण लावलं की वाट्या दाबून बसतात. ही युक्ती विकतच्या कप्पेवाल्या खोक्यांनाही लागू आहे.

दुसरं, खुणा. आपण स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतो, कारण लग्नकार्यात भांडी एकमेकींकडे जातात. सोंगट्यांचंही तसंच. ११ खेळांना आम्ही ११ खुणा दिल्या, सोंगटीच्या तळाला नेलपॉलिशचा ठिपका, खोक्यावर तोच ठिपका. दोन लाल ठिपके म्हणजे व्यापार, एक चंदेरी म्हणजे मोठा लुडो. झाडताना पलंगाखाली सोंगटी सापडली की कुठल्या खेळाची हा वादच नाही. आमचा पांढरा उंट पुढे शिलाई मशीनच्या खणात सापडला, पण तो ठिपका द्यायच्या आधीच हरवलेला, त्यामुळे तो आमचाच की शेजारच्यांचा यावर अजून एकमत नाही.

तिसरी यादी. झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत: लाल ४, हिरव्या ४, पिवळ्या ४, निळ्या ४, फासा १. नेताना मूल मोजतं, आणताना पुन्हा मोजतं आणि वहीत आकडा लिहितं. मोजायला दोन मिनिटं लागतात. यादी वेगळ्या कागदावर करू नका, तो कागद सोंगट्यांच्याही आधी हरवतो.

काही बारीक गोष्टी. पत्त्यांना रबर लावू नका. आपल्या उन्हाळ्यात रबर विरघळून पत्त्याला चिकटतं आणि घट्ट असलं तर कडा दुमडते. साडीच्या फॉलची पट्टी गुंडाळा. डांबराच्या गोळ्या खेळांत अजिबात ठेवू नयेत, मुलं हात तोंडात घालतात. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या दमट हवेला चांगल्या, पण कापडात शिवून मगच ठेवा, नाहीतर लहान मूल गोळी समजून तोंडात टाकेल. तीन वर्षांखालचं भावंडं घरात असेल तर बटवा उंचावरच. आणि फाटलेले कोपरे आतून पुठ्ठ्याचा काटकोन लावून चिकटवा. बाहेरून लावलेली चिकटपट्टी महिन्याभरात सुटते.

कपाट मार्गाला लागलं. इथे थांबलो असतो तर भांडण तिथेच मिटलं असतं. पण आजींचा पट पाहून गटातल्या शिवणाऱ्या बायकांना वाटलं, आपण असे सारीपाट शिवून विकूया. गटाच्या अंतर्गत कर्जातून कापड, लाकडी सोंगट्या आणि कवड्या आणल्या. पहिल्याच प्रदर्शनात १५ गेले. मग ओळखीतून बाहेरगावच्या मागण्या आल्या. कुरिअरने पाठवायचे म्हणून आम्ही चांगले रुबाबदार खोके आणले, ४० सेंटीमीटर लांब, २७ रुंद, ६ उंच. आत पट ऐसपैस पसरलेला, चुरगळू नये म्हणून. कुरिअरचं बिल आलं आणि खजिनदार ताईंनी वही माझ्यापुढे सरकवली. वजन ४८० ग्रॅम आणि पैसे दीड किलोचे.

आम्हाला वाटलं फसवलं. भांडायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने हिशोब करून दाखवला, आणि तो प्रत्येक विक्री करणाऱ्या गटाने शिकून घ्यावा असा आहे. गाडीत हलका पण मोठा खोका जागा अडवतो, म्हणून जागेचंही वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. येतं ते किलोमधलं वजन. ते आणि काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. आमचं गणित: ४० गुणिले २७ गुणिले ६ म्हणजे ६४८०. भागिले ५०००, आले १.२९६ किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्याने मोजतात म्हणून दीड किलो. म्हणजे आम्ही ४८० ग्रॅम सारीपाट आणि बाकीची हवा पाठवत होतो, मानपाड्याहून थेट नागपूरला.

त्या बैठकीत आवाज चढले. कर्ज गटाचं, म्हणजे ज्या शिवत नाहीत त्यांचेही पैसे. एका काकूंनी स्पष्ट विचारलं, "माझी बचत तुमच्या खोक्यात का जाते?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं.

उत्तर पुन्हा आजींच्या घडीत निघालं. पट पसरून ठेवायचाच कशाला, तो कापडी आहे. सोंगट्या चौकात, हात घडी, गाठोडं. त्या गाठोड्याच्या मापाचा खोका केला: २४, १६, ६. गुणाकार २३०४, भागिले ५०००, म्हणजे ४६० ग्रॅम. नवा खोका लहान असला तरी त्याचा पुठ्ठा जाड घेतला, त्यामुळे खोक्यासकट काट्यावर साधारण तेवढंच, ४८०. दोन्ही अर्ध्या किलोच्या आत. खर्च तिप्पट टप्प्यावरून एका टप्प्यावर आला.

यात दोन खाचाखोचा आहेत, त्या आम्ही पैसे देऊन शिकलो. माप बाहेरून घेतात, आतून नाही. तीन थरांच्या नळीदार पुठ्ठ्याची भिंत साधारण ३ मिलिमीटर, दोन्ही बाजूंची धरली तर ६. आतलं माप सांगून खोके बनवून घेतले तर बाहेरून ते वाढतात. दुसरं, ठासून भरलेला खोका फुगतो. झाकण एक सेंटीमीटर वर आलं की ६ चे ७ होतात, आणि २४ गुणिले १६ गुणिले ७ म्हणजे २६८८, म्हणजे ५३८ ग्रॅम. लगेच पुढचा टप्पा. म्हणून आता घडी घातल्यावर पाटाखाली दहा मिनिटं दाबून मगच खोक्यात घालतो. उलट फार सैल ठेवला तर वर दुसरं पार्सल पडून खोका चेपतो. गाठोडं चारी बाजूंनी टेकलेलं हवं, म्हणजे तेच आतून आधार देतं.

विकण्याबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विकास आयुक्त, हस्तशिल्प यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणून आमच्या शिवणाऱ्या बायकांनी कारागीर ओळखपत्रासाठी अर्ज केले. तुमचा गट खेळणी करत असेल तर माल वाढवायच्या आधी हे काम करा.

काकूंची बचत परत भरून यायला पाच महिने लागले. त्या अजून शिवत नाहीत, पण खोक्यांचं माप आता त्याच घेतात. टेप घेऊन बसतात आणि साडेसहा सेंटीमीटर उंच खोका आला तर परत पाठवतात.

आजींचा मूळ पट आम्ही कपाटात ठेवायला मागितला, त्यांनी दिला नाही. म्हणाल्या, नवे शिवा, हा माझ्या आईचा आहे. त्यातली एक पिवळी सोंगटी त्यांच्या लहानपणीच हरवली होती. तिच्या जागी एक गुळगुळीत चिंचोका आहे, एका बाजूला हळदीसारखा पिवळा रंग दिलेला. घडी घालताना आजी तोही मोजतात.